गुरुवारचा पाहुणा

१

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि झुराकान एका कबरीच्या दगडाच्या फोटोला नंबर देत बसली होती. परदेशातला अनोळखी नंबर पाहून तिनं जरा वैतागूनच फोन उचलला.

“एजे, त्यानं मला शोधलं.”

एजे, म्हणजे ताई, असं तिला किर्गिझ खोऱ्यातलं अख्खं कोचकोर गाव म्हणायचं. तीस वर्षं गावातल्या शाळेत गणित शिकवल्यावर दुसरं काय होणार? पण हा आवाज तिनं अडीच वर्षांत ऐकला नव्हता.

“बेगायिम? कुठं आहेस तू?”

“मालिनोव्स्कमध्ये. रशियात. कपडे शिवायच्या कारखान्यात आहे. आता कापडाच्या खोलीत लपलेय, आदिनाला घेऊन. मेदेर पुढच्या फाटकात उभा आहे.”

 बेगायिम पूर्वी झुराकानच्याच केंद्रात, कबरींचे फोटो वेबसाइटवर चढवायचं काम करायची. सात वर्षांपूर्वी भर बाजारातून मेदेरच्या मित्रांनी तिला गाडीत कोंबून नेलं, सासूनं डोक्यावर पांढरा रुमाल बांधला आणि झालं लग्न. पुढं साडेचार वर्षं तिनं मार खाल्ला. मग एका सकाळी दोन वर्षांच्या लेकीला, आदिनाला, कडेवर घेऊन ती नाहीशी झाली. कुठं गेली ते झुराकाननं कधी विचारलं नाही. आपल्याला ठाऊक नसेल तर आपल्या तोंडून निघणारही नाही, असा तिचा साधा हिशेब होता.

“पोलिसांना बोलव.”

“माझ्या कागदांची मुदत संपलीय. पोलीस मलाच परत पाठवतील आणि विमानतळावर माझी सासू उभी असेल. एजे, तो म्हणालाय, मुलीला घेऊन जाईन आणि तुला इथंच पुरीन. तो नुसतं बोलत नाही, तुम्हाला माहितीय.” तिला श्वास पुरत नव्हता. “वेरा, आमची मालकीण, मागच्या दारानं मला स्टेशनवर सोडणार आहे. कारखान्याची मालाची गाडी तुमच्या घड्याळात एक वाजता निघते. पण जाऊ कुठं? माझं आहे कोण? एक जिपार. तिनंच मला हे काम मिळवून दिलं, खोली शोधून दिली. माझा पत्ता जगात फक्त तिला ठाऊक. मग त्याला कळलं कसं? तिनं सांगितलं असेल, तर मी मुलीला घेऊन थेट त्याच्याच तोंडी जाईन.”

“आणखी कुणाशी बोलतेस तू?”

“कुणाशीच नाही. गावाकडं एक फोन नाही, एक पत्र नाही. फक्त...” ती अडखळली. “फक्त तुमची वेबसाइट उघडते. आईचा दगड बघायला. तेवढंच. खालच्या पट्टीवर नेहमी ‘नाही’ दाबते. तुम्हीच लिहिलंय ना तिथं, पाहुण्याचं नाव आम्ही विचारत नाही म्हणून?”

“मीच लिहिलंय,” झुराकान म्हणाली.

“दोन दिवस तो बाजारात माझा फोटो दाखवत फिरत होता. किर्गिझ बायका कुठं काम करतात विचारत होता. एजे, एक वाजेपर्यंत सांगा. जिपार की फोन की तुमची वेबसाइट. मला फक्त तेवढं सांगा.”

फोन बंद झाला. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि त्यात अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती.

२

केंद्राचं नाव मुरास, म्हणजे वारसा. तीन खोल्या, एक शेगडी आणि खोऱ्यातल्या नऊशे कबरींचे फोटो. जुन्या मातीच्या घुमटांपासून ते मागच्या वर्षीच्या काळ्या दगडांपर्यंत सगळं वेबसाइटवर होतं. निम्मं खोरं रशियात, कोरियात, तुर्कस्तानात राबत होतं. त्यांना आईबापांच्या मातीवर येऊन दुआ मागता येत नाही, तर फोनवर तरी दगड दिसावा, एवढ्यासाठी झुराकाननं निवृत्तीनंतरची सहा वर्षं यात घातली होती.

तिलेक कोपऱ्यातल्या संगणकाशी बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. हा दूरच्या तलास भागातला, लग्न करून इथं आलेला. त्याची बायको मेदेरची सख्खी चुलतबहीण, हे झुराकानला आत्ता नको तितकं आठवलं.

“तिलेक, बिया ठेव. वेबसाइटवर कोण आलं, कोण गेलं, हे आपल्याकडं किती राहतं?”

“का हो एजे? कुणी तक्रार केली?”

“मी विचारतेय. उत्तर दे.”

शाळेत तो तिच्या हाताखाली नव्हता, पण त्या आवाजाला तोही सरळ बसला. “पट्टीवर ‘हो’ म्हटलं की आपण पाहुण्याच्या फोनमध्ये कुकी ठेवतो. म्हणजे खिशात टाकलेली एक चिठ्ठी समजा. पुढच्या वेळी ती दिसली की कळतं, हा मागं येऊन गेलाय. आपली म्हातारी माणसं सगळी ‘हो’ दाबतात. दारात कुणी विचारलं तर नाही कसं म्हणायचं, असं त्यांना वाटतं.”

“आणि ‘नाही’ म्हटलं तर?”

“चिठ्ठी नाही. पण दाराची नोंदवही राहतेच ना. कुठला दगड उघडला, कधी, कुठल्या गावातून. पाहुण्याचा पुरता नंबर मी ठेवत नाही, निम्मा पुसतो. त्यावरून गाव कळतं, घर नाही. तीस दिवसांनी सगळंच पुसलं जातं. हे नियमांच्या पानावर खाली लिहिलंय, बारीक अक्षरात.”

“बारीक अक्षरात,” झुराकान म्हणाली. पान तिचंच होतं. वरची मोठी अक्षरं तिची, खालची बारीक याची.

“ही वही कोण बघतं?”

“मीच. दुसऱ्या कुणाकडं किल्ली नाही. आणि मी तरी काय बघणार? सगळे आकडे. मला तुमचे दगड नंबरानं ठाऊक. कुठला कुणाचा, ते तुम्ही आणि तुमच्या पिढ्या जाणोत. महिन्याला एकदा तुमच्या कागदापुरती उतरवून देतो आणि मोकळा होतो.”

“घरी नेतोस संगणक?”

तिलेकनं हातातली बी खाली ठेवली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“बोल.”

“मागच्या महिन्यात पाहुणे होते घरी. मी मांस कापायला अंगणात गेलो. परत आलो तर...” तो खाली बघत राहिला. “तर मेदेर माझ्या संगणकासमोर बसला होता. वही उघडी होती.”

३

बारा वाजायला वीस मिनिटं. झुराकान बाहेर पायरीवर येऊन बसली, कारण आत बसलं असतं तर तिनं तिलेकच्या डोक्यात ती बियांची बशी घातली असती.

जिपारला फोन लागेपर्यंत अर्धा तास गेला. ती मालिनोव्स्कपासून रात्रभराच्या प्रवासावर, दुसऱ्या शहरात, एका भटारखान्यात काम करायची. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

“जिपार, मेदेर बेगायिमच्या दारात उभा आहे. तिचा पत्ता कुणाला दिलास?”

भांड्यांचा आवाज थांबला नाही, जिपारचा थांबला.

“ऐकतेयस का?”

“तुम्ही हे मला विचारताय, एजे? मला? तिच्या पोरीला गोवर आला तेव्हा पगार बुडवून तिथं मी गेले होते. तिच्या पाठीवरचे वळ मी बघितलेत!”

“मेदेरचा तुला कधी फोन आला होता?”

तिकडं दार लागलं, भांड्यांचा आवाज बंद झाला. 

“आला होता,” जिपार म्हणाली. “मागच्या शनिवारी, संध्याकाळी. म्हणाला, ती रशियात कुठं आहे ते मला कळलंय, उगाच खोटं बोलू नकोस, कुठं काम करते तेवढं सांग. मी शिव्या घातल्या आणि फोन ठेवला.”

“आणि बेगायिमला सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं थापा मारतोय! दर सहा महिन्यांनी मारतो. तिला सांगितलं असतं तर झोपली नसती पुढं महिनाभर.” आता ती रडत होती. “तिला म्हणावं माझ्याकडं ये. मी स्टेशनवर उभी राहते. आत्तापासून उभी राहते. पण ती येणार नाही ना आता? तुम्ही सांगितलंत तिला की मीच ती?”

“अजून काही सांगितलं नाही,” झुराकान म्हणाली.

एकाच्या घरात मेदेर वहीसमोर बसून गेला होता, दुसरीला त्यानं फोन केला होता आणि दोघांनीही ते पोटात ठेवलं होतं. दोघांपैकी एकालाही निर्दोष म्हणायची तिची छाती होईना. साडेबारा झाले.

४

हातपाय गाळून चालणार नव्हतं. गणित अडलं की ती पोरांना एकच सांगायची, उत्तराकडं बघू नका, दिलंय काय ते बघा. तिनं आपल्यालाही तेच सांगितलं.

काय दिलंय? दोन दिवस मेदेर बाजारात फोटो दाखवत फिरला.

का फिरला? ज्याला कारखाना ठाऊक आहे तो बाजारात भाजीवाल्यांना कशाला विचारेल? जिपारला कारखाना ठाऊक होता, खोलीही ठाऊक होती. तिनं तोंड उघडलं असतं तर तो पहिल्याच दिवशी दारात उभा राहिला असता. फोनवरून माग काढला असता तरी तेच. म्हणजे मेदेरला गावाचं नाव कळलं आणि गावापुढचं काहीच कळलं नाही.

जिपार सुटली. झुराकानच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं पुसत बसायचं नाही असं ठरवलं, कारण पुढचं उत्तर तिला दिसायला लागलं होतं आणि ते बरं नव्हतं.

फक्त गाव सांगणारी वस्तू एकच. मुरासची नोंदवही.

मग मेदेरनं ती तिलेकच्या घरी वाचली? वाचली असती तर तो मागच्याच महिन्यात निघाला असता. तो निघाला या आठवड्यात. आणि वहीत त्याला दिसलं असतं काय? नऊशे नंबर, दोनशे गावं. नंबर वेबसाइटवर दिसत नाहीत, मग सासूच्या दगडाचा नंबर जावयाला कुठून ठाऊक? तिलेकलाही ठाऊक नाही. त्याला दगड नंबरानं ठाऊक, नावं...

नावं ती स्वतः लिहायची.

झुराकान उठली. अंगणातून फाटकापर्यंत वीस पावलं होती, ती तिनं म्हाताऱ्या बाईसारखी चालली. फाटकाशी राखणदार ओमुर बाइके, म्हणजे ओमुरदादा, खुर्ची टाकून ऊन खात होते. सत्तरीचे, बोलके, दात तीन.

“बाइके, मागच्या शनिवारी कोण आलं होतं इथं?”

“शनिवारी? थांब हं. टपालवाला. मग ते दोघं नवरा-बायको, बापाच्या दगडावर तारीख चुकलीय म्हणणारे. आणि उर्कुया.”

उर्कुया म्हणजे मेदेरची आई.

“तिला काय हवं होतं?”

“नवऱ्याच्या दगडाचा फोटो कधी काढणार, विचारत होती. तू नव्हतीस. बसली जरा. म्हणाली, चष्मा घरी राहिला, तेवढी फाटकावरची यादी वाचून दाखवा. दाखवली. आपलं काय जातंय?”

“सगळी?”

“सगळी कुठली! इतकी हौसेनं ऐकत होती, पण बातमाची ओळ वाचून झाली तर म्हणाली, पुरे बाइके, तुमचा घसा दुखेल. चहासुद्धा घेतला नाही. घाईत गेली.”

बातमा म्हणजे बेगायिमची आई. झुराकाननं वर बघितलं. फाटकाच्या लोखंडी पत्र्यावर, काचेच्या चौकटीत, यादी होती.

५

कल्पना तिची होती. दर महिन्याच्या एक तारखेला ती यादी लावायची. कुठला दगड, कुणाचा, कुठल्या गावाहून बघितला, कुठल्या दिवशी. पाहुण्याचं नाव नाही. नाव देणं बरं नव्हे, एवढं ती जाणून होती. पण तुमच्या बापाला सोलहून बघतात हो, इस्तंबूलहून बघतात, असं वाचून म्हाताऱ्यांचे चेहरे कसे उजळायचे! लोक यादीसमोर उभे राहून फोटो काढायचे. ते खिडकीतून बघताना झुराकानच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

तिलेकचे नंबर आणि आपली नावं ती स्वतः जोडायची. सुंदर अक्षरात, शाईच्या पेनानं.

दोनशे चौदा. बातमा, सादिरची लेक. मालिनोव्स्क, एक पाहुणा. पुढं चार तारखा.

तारखा तिनं बोटांवर मोजून बघितल्या. चारही गुरुवार.

गुरुवारी घरोघरी कढई चढते. तेलात पोळ्या तळायच्या, त्या वासानं आपली मेलेली माणसं दारापर्यंत येतात, त्यांची नावं घेऊन दुआ मागायची आणि मग खायचं. परमुलखातल्या एका खोलीत बेगायिम दर गुरुवारी चार पोळ्या तळत असणार आणि फोन कढईशेजारी ठेवून आईचा दगड उघडत असणार. बातमाला मूल एकच. भाऊ नाही, पुतण्या नाही. गुरुवारी त्या दगडाशी दुसरं येणार कोण? नाव लिहायची गरजच काय होती? गुरुवार लिहिला होता.

आजही गुरुवार होता.

वही तिलेककडं होती आणि ती मुकी होती. वंशावळ्या गावाकडं होत्या आणि त्या कुठं जात नव्हत्या. दोन्ही एकत्र आली ती एकाच जागी, तिच्या टेबलावर. एका वाक्यात पाहुण्याला वचन दिलं आणि त्याच हातानं पाहुण्याचा माग फाटकावर टांगला. तिला स्वतःची शिसारी आली.

एकाला दहा मिनिटं कमी होती.

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“जिपारकडं जा,” झुराकान म्हणाली. “डोळे मिटून जा. तिनं काही केलं नाही. फोनही टाकू नकोस. त्यावरून माग लागला नाही.”

“मग कुणी?”

खोटं बोलता आलं असतं. तिलेकचं नाव घेता आलं असतं, उर्कुयाचं घेता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं.

“मी. मी तुझ्या आईच्या नावापुढं गाव आणि वार लिहून फाटकावर लावला. कोण आलं ते लिहिलं नाही, म्हणून मला वाटलं मी काही सांगितलंच नाही. तुझ्या सासूनं ऐकलं.”

पलीकडं मुलगी काहीतरी हळू विचारत होती. बेगायिमनं तिला ‘श्श’ केलं.

“पण मी ‘नाही’ दाबलं होतं, एजे. दर वेळी.”

“हो. तू दाबलं होतंस.”

“आज अजून उघडला नाही मी. पहाटेच पीठ मळलं होतं.”

“उघडू नकोस. बेगायिम, पुन्हा कधीच उघडू नकोस, मी सांगेपर्यंत.”

“आणि तुम्ही मला सांगणार कसं?” ती म्हणाली. रागावून नाही, खरंच विचारत होती. “तुम्हाला ठाऊक असेन मी, तर त्यांनाही असेन.”

 पलीकडं दार उघडल्याचा आवाज झाला, एका बाईनं घाईघाईनं रशियनमध्ये काही म्हटलं आणि फोन बंद झाला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी जिपारचा फोन आला. “पोचल्या दोघी,” एवढंच ती म्हणाली. आठवड्यानं पुन्हा फोन आला. दोघी तिच्याकडूनही निघून गेल्या होत्या आणि कुठं, ते जिपारनं विचारलं नव्हतं. शहाणी पोर.

मधल्या काळात झुराकाननं फाटकावरची यादी उतरवली. चौकटीत दुसरा कागद लावला, त्याच शाईनं: ‘यादी बंद. त्यामुळं एका माणसाचा जीव धोक्यात आला. चूक माझी. झुराकान.’ गावानं चार दिवस तोंडसुख घेतलं. ते तिनं खाली मान घालून ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

मग ती तिलेकसमोर जाऊन बसली.

“नोंदवही बंद कर.”

“तीस दिवसांऐवजी दहा करू?”

“बंद. कुठलं गाव नको, कुठला दगड नको, वेळ नको. पट्टीही काढ. चिठ्ठी ठेवायचीच नसेल तर विचारायचं कशाला?”

“एजे, मग कोण येतं, किती येतात, काहीच कळणार नाही. ते परदेशी मदत देणारे अहवाल मागतात, त्यांना काय सांगू?”

“सांग, दार उघडं आहे आणि दाराशी कुणी बसलेलं नाही.”

तिलेकचं बोट कळीवर थांबलं. तो वाटतो तितका बथ्थड नव्हता. “आणि दोनशे चौदा?” तो हळूच म्हणाला. “समजा तिनं कधी उघडलाच, तर निदान आपल्याला कळेल. म्हणजे ती आहे, एवढं तरी. फक्त तुम्हाला आणि मला.”

 सहा वर्षांत झुराकानला कुठल्याच गोष्टीचा इतका मोह झाला नव्हता. एक आकडा. आठवड्याला एकच आकडा, गाव नको, काही नको, नुसता एक.

“बंद कर,” ती म्हणाली. “ते नियमांचं पान घे आणि बारीक अक्षरात जे आहे ते मोठ्या अक्षरात लिही. मग वही बंद झाली की पूस ते, कारण ते खरं राहणार नाही.”

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उर्कुया फाटकाशी आली. या वेळी तिनं चष्मा आणला होता. मेदेर हात हलवत परतला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं चौकटीतला कागद दोनदा वाचला.

“यादी नाही लावली?”

“नाही.”

“तुझ्यापाशी तर असेल. माझी नात आहे ती, झुराकान. कुठं आहे ते तुला माहीत असणार.”

“मला माहीत नाही,” झुराकान म्हणाली.

उर्कुयानं तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. सासवांना खोटं लगेच कळतं. इथं तिला ते सापडलं नाही, आणि ती मागं वळून निघून गेली.

त्या गुरुवारी झुराकाननं कढई चढवली. आपल्या आईबापांसाठी तळलं, नवऱ्यासाठी तळलं आणि मग चार पोळ्या बातमासाठी, सादिरच्या लेकीसाठी. फोन कढईशेजारी ठेवून तिनं दोनशे चौदा उघडला. खालची पट्टी आली नाही. काळ्या दगडावरचा बातमाचा चेहरा आला, लेकीसारखाच, जरा हट्टी. त्याखाली पूर्वी पाहुण्यांचा आकडा असायचा, तिथं काही नव्हतं.

या घडीला दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या कढईशेजारी हाच दगड उघडा असेल की नसेल, हे कळायची आता कसलीच सोय नव्हती. ती सोय तिनं स्वतःच मोडली होती. झुराकाननं दुआ मागितली, जिवंतांची नावंही त्यात घेतली आणि पहिली पोळी गार होईपर्यंत दगडाकडं बघत राहिली.